सटवाईपासून लपवलेली रिफिल

संध्याकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. तेव्हाच माझ्या पोटातली रिफिल गेली. काढली कुणी, तर पाच दिवसांच्या बाळंतिणीने. मी बॉलपेन बोलतोय. निळा, झाकणाचा, करोल बागेत डझनाच्या भावात विकला गेलेला.

त्या दिवशी दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये बाळाची पाचवी होती. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते. तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवायचा असतो. घरात पाटा-वरवंटा नव्हता, म्हणून आजीने, म्हणजे कुमुदताईंनी, मिक्सरच्या भांड्यालाच हळदकुंकू लावलं. "दिल्लीची सटवाई आहे, समजून घेईल," म्हणाल्या.

वर सुनेला गोष्टही सांगितली. "एका राणीने सटवाईचा बोरू लपवला. सटवाईने चुलीतला कोळसा घेतला आणि लिहून गेली! राणी बसली बोरू सांभाळत."

सून प्रमोदिनी हसली नाही. तिला एकच धास्ती होती. मुलीच्या कपाळी 'लांब' असं लिहिलं तर? नवऱ्याच्या बदलीपायी ती स्वतः साताऱ्याहून इतक्या लांब आलेली. तिची आई गेली तेव्हा ही गाडीत होती, मध्य प्रदेशात कुठेतरी. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तिने हळूच माझी रिफिल काढून उशीखाली सरकवली. पूजेत सगळ्यांना नैवेद्य, मी एकटाच रिकाम्या पोटी.

सटवाई आली की नाही, मला विचारू नका. मला कुणी हात लावला नाही, एवढं खरं. आपला पेन घेऊन आली असेल. सरकारी कामाला बाई मुरलेली.

मुलगी नीला वाढली. आईचं एकच, हॉस्टेल नको, पुण्याचं कॉलेज नको. मग लग्नाची वेळ आली आणि साताऱ्याच्या श्रीरंगचं स्थळ आलं. नीलाने फोटो दोनदा बघितला.

"सातारा? बिल्कुल नाही!" प्रमोदिनी म्हणाली. "मेट्रोने जाता येईल असाच जावई हवा."

"अगं, मुलगा बघतेस की स्टेशन?" नवरा उल्हास म्हणाला.

स्टेशनच सापडलं. जयंत, दोन स्टेशनं सोडून राहणारा, केंद्र सरकारात नोकरी. केंद्र सरकारची नोकरी म्हणजे बदली. उल्हासचीही तीच नोकरी, तिच्यापायीच हे घर दिल्लीत आलेलं. तरी घरात एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. पेढे वाटले.

वर्ष व्हायच्या आत जयंतची बदली झाली. पोर्ट ब्लेअरला. तिथवर मेट्रोची ब्लू लाइन जात नाही.

आणि श्रीरंग? त्याला गुरुग्रामला नोकरी लागली. आमच्याच सोसायटीत, चौथ्या मजल्यावर राहतो. साताऱ्याहून आईलाही घेऊन आलाय. लिफ्टमध्ये भेटला की म्हणतो, "काकू, चहाला या ना. नीला कशी आहे?"

तेव्हापासून प्रमोदिनी जिन्याने चढते. गुडघे दुखत असले तरी.

माझं म्हणाल तर माझ्याकडे लिहिण्याचं काम कधी आलंच नाही. परकराच्या नेफ्यात नाडी ओवायला मला घेतात. नाडी ओवता ओवता ती लेकीशी फोनवर बोलते, म्हणून मला सगळं ऐकू येतं.

"आई, कधी येतेस?"

"बघू गं. गुडघे बरे झाले की."

गुडघ्यांचं निमित्त आहे. तिला विमानाची भीती वाटते. फोन ठेवला की डोळे पुसते आणि नाडी जोरात खेचते. मधे मी चेपतो.

तुमच्या ओळखीत कुणाकडे पाचवी असली तर एवढा निरोप द्या. सटवाई लिहायचं ते लिहिणारच, निदान चालणारा पेन ठेवा. आणि कधी द्वारकेत आलात तर प्रमोदिनीलाही सांगा. म्हणावं, लेक लांब असली तरी विमानतळ घराजवळ आहे. तिकीट काढ, बाई.