शिंपी सदलग्याला गेला

दिपालीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. नवरी पुण्याला गेली होती आणि तिची आजी मनुबाई, सून सुवर्णाला हाताशी घेऊन, आहेराची पुडकी सोडत बसली होती. घड्याळांवर घड्याळं निघाली. स्टीलचे डबे निघाले. मग एका चकचकीत कागदातनं पुस्तक निघालं.

“ह्ये कुणाचं गं?” मनुबाईनं विचारलं.

“शाळंतल्या बाईंचं असंल. दुसरं कोण पुस्तक देतंय लग्नात?” सुवर्णानं ते बाजूला टाकलं.

कव्हरवर पोट सुटलेला एक मराठी माणूस एका थडग्यासमोर केळं खात उभा होता. मनुबाईला हसू आलं. तिनं पुस्तक उचललं आणि पहिलं पान तिथंच वाचलं. तो गृहस्थ बायकोला घेऊन भाड्याच्या गाडीतनं अमेरिकाभर हिंडला होता. का, तर तिथं होऊन गेलेल्या राष्ट्राध्यक्षांची घरं आणि थडगी बघायला. रस्ता चुकायचा, बायकोची बोलणी खायची आणि मधे मधे एकेका राष्ट्राध्यक्षाची फजिती सांगायची, असा सगळा मामला.

मनुबाई अक्षरं शिकली ती नातीबरोबर. दिपाली पहिलीत गेली तेव्हा आजीही तिच्या पाटीवर पहिलीत बसली. त्यामुळं तिला वाचता यायचं ते मोठ्यानंच. मनातल्या मनात वाचणं तिला कधी जमलं नाही.

मनुबाईचं घर शहापुरातल्या ज्या गल्लीत, त्याच गल्लीत सुबराव अण्णाचे यंत्रमाग होते. मनुबाईचा नवरा हयात असताना त्याच्याकडंच मागावर होता, आणि तो गेल्यावर मनुबाई तिथंच सुताच्या कांड्या भरायला बसली. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यानं सुबरावच्या कानात आता काही शिरत नव्हतं. साखरेनं डोळेही अधू केले होते. अक्षर दिसायचं नाही, पण माणसाचे हात दिसायचे. मागवाल्यांना तेवढं पुरतं. माग चालू असले की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळं बोलणं हातांनी होतं. भुवईवर बोट म्हणजे धागा तुटला. गालावर तळवा म्हणजे व्यापारी आला. पोटावर थाप म्हणजे चहा.

लाइट गेली की माग थांबायचे. इतर कारखान्यांतनं तेव्हा वीजमंडळाला शिव्या ऐकू यायच्या. सुबरावकडं मात्र सगळ्यांचे डोळे मनुबाईच्या पिशवीकडं वळायला लागले. ती पुस्तक काढायची आणि मोठ्यानं वाचायची. परिच्छेद संपला की पुस्तक मांडीवर ठेवून तेच सुबरावला हातांनी सांगायची.

एका राष्ट्राध्यक्षानं कडाक्याच्या थंडीत कोट न घालता लांबलचक भाषण ठोकलं आणि महिनाभरातच तो वारला. त्याची खूण झाली: कुडकुडायचं आणि तोंड चालू ठेवायचं. एक जण भर उन्हात गार दुधावर चेरी खाऊन आजारी पडला तो उठलाच नाही.

“दुधावर आंबट?” सुबरावची बायको चंपाबाई म्हणाली. “घरात कोण थोरलं माणूस न्हवतं व्हय सांगाय?”

एक इतका जाड की न्हाणीच्या टबात अडकला म्हणे. खरं-खोटं लेखकालाही ठाऊक नव्हतं, पण मनुबाईनं तो असा काही करून दाखवला की सुबराव हसता हसता खाटेवरनं घसरला. त्यानंतर गल्लीत कुणी रिक्षात बसताना अडलं, तरी माणसं मनुबाईसारखं कंबर हलवून दाखवायला लागली. आणि एक होता तो बोलायचाच नाही.

“ह्यो आपल्यातला!” सुबराव ओरडला. बहिरा असल्यानं तो सगळंच ओरडून बोलायचा. “मागावर हुता का बघ की गं पुस्तकात!”

“मागावर न्हवता,” मनुबाईनं पुस्तक चाळून हातांनी सांगितलं, “पण शेवटच्या धड्यात एक शिंपी हाय.”

सुबराव उठून बसला. “शिंपी? राष्ट्राध्यक्ष?”

“व्हय. आधी शिंपी, मग राष्ट्राध्यक्ष.”

“मग तोच वाच की आधी!” चंपाबाई म्हणाली आणि तिनं हातांनीही तसंच सांगितलं.

सुबरावनं मान हलवली. “लुगड्याचा पदर आधी इणत्यात व्हय? पहिल्या धाग्यापासनं चालू द्या. शिंपी पदराला हाय, तर पदरालाच येऊ द्या.”

मनुबाईला हे पटलं आणि पटलंही नाही. कारण पावसाळा लागता लागता सुबरावचे पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी चंपाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, मूत्रपिंडं थकलीत, औषधं द्या, पण फार आशा धरू नका. चंपाबाईनं ते मनुबाईला सांगितलं, आणि सुबरावनं लांबनंच दोघींचे हात बघून ओळखलं.

“मरायचं कळलंय मला,” तो खाटेवरनं ओरडला. “पण शिंप्याचं काय झालं ते ऐकूनच जाणार. वाच बिगीबिगी!”

आणि नेमकी त्या आठवड्यात लाइट गेलीच नाही. सुबराव आकाशाकडं बघायचा आणि मग तारांकडं. आयुष्यात पहिल्यांदा एक कारखानदार लाइट जावी म्हणून देवाला नारळ बोलला.

लाइट गेली ती सोमवारी. मनुबाईनं पिशवीत हात घातला. पुस्तक नव्हतं. ती घरी पळाली.

“सुवर्णा, पुस्तक कुठाय गं? इथं घड्याळांवर ठेवलं हुतं.”

“त्ये व्हय?” सुवर्णा भाकरी थापता थापता म्हणाली. “मावशीच्या पोराचं लगीन न्हवतं का काल, सदलग्याला? एक घड्याळ दिलं, आन् नवरी शिकलेली हाय म्हणून वर त्ये पुस्तक. त्याच कागदात छान बसलं बघा!”

सुवर्णाचा त्यात काही दोष नव्हता. आहेरात आलेलं आहेरात जायचंच. सगळ्यांच्या घरी तेच चालतं. मनुबाईनंही जन्मभर तेच केलं होतं. पण त्या दिवशी ती भिंतीला टेकून खाली बसली.

कारखान्यात सुबराव वाट बघत होता. मनुबाईनं लांबनंच हातांनी सांगितलं, शिंपी सदलग्याला गेला.

“कुठं?”

“लग्नाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधारकार्ड घेऊन सरकारी गाडीत बसली. कार्ड दाखवलं की बायकांचं तिकीट माफच होतं. संकेश्वर गेलं, निपाणीला गाडी बदलली आणि उसातनं जाणारा रस्ता संपेपर्यंत ती एकच गोष्ट घोळवत होती: दिलेला आहेर परत मागायचा कसा? असं कुणी केलेलं तिनं ऐकलंही नव्हतं. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

सुवर्णाच्या मावशीनं, मालुबाईनं, दारातच विचारलं, “अगंबाई, मनुआक्का! एकटीच कशी आलीस? सगळं बरं हाय न्हवं?”

“सहज आलते. सूनबाई बघावी म्हटलं.”

“परवा लग्नात बघितलीस की.”

“लग्नात हळदीत काय दिसतंय!”

चहा आला. मनुबाईची नजर घरभर फिरत होती. पिठाच्या डब्यावर पुस्तक होतं, आणि मधे मोरपीस खोचलेलं. म्हणजे वाचायला घेतलं होतं. नवी सून सौम्या कालपासनं भाकरीच्या वेळी सासूला वाचून दाखवते, असं कळलं. मनुबाईनं चहा खाली ठेवला आणि खरं ते सांगून टाकलं. सुबराव, त्याचे पाय, शिंपी, पदर, सगळं.

मालुबाईनं पुस्तक उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, “तुझं समदं खरं. पण पुस्तक न्हाय मिळायचं. आमचा तो जाड्या टबात अडकलाय. त्याला भाईर काढल्याबिगर मी पुस्तक हलवू देणार न्हाय.”

“मला एकच धडा वाचू दे. शेवटचा. वाचते आन् जाते.”

“वाच की. पण मला शेवट ऐकू यायला नगं! मनात वाच.”

“मनात मला येत न्हाय,” मनुबाई म्हणाली.

सौम्या पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग मालुबाई हसली, मग मनुबाई. शेवटी मालुबाईनं तोडगा काढला. मनुबाई पुस्तक घेऊन गोठ्यात गेली, शेणाच्या पाट्या बाजूला सारून दगडावर बसली आणि तिनं शेवटचा धडा म्हशीला वाचून दाखवला. म्हैस रवंथ करत ऐकत होती. एका जागी मनुबाई थांबली आणि तेवढीच ओळ पुन्हा वाचली. मग परत एकदा, हात हलवत, कुठल्या शब्दाला कुठली खूण करायची ते ठरवत. गोठ्याच्या दारातनं मालुबाई कानांवर हात ठेवून बघत होती.

“झालं का गं?” ती ओरडली.

“झालं!”

“मेला का शिंपी?”

“तूच म्हणालीस न्हवं सांगू नगंस?”

मनुबाई शहापुरात पोचली तेव्हा लाइट होती आणि सगळे माग चालू होते. सुबरावला खाटेसकट कारखान्याच्या दारात आणून ठेवलं होतं. मनुबाई चपला काढून सरळ त्याच्यासमोर उभी राहिली. खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायची गरजही नव्हती. मागावरचे सगळे एक डोळा धोट्यावर आणि एक डोळा तिच्यावर ठेवून बघत होते.

पोरगं. बापाविना. सुईदोरा. पाटी नाही, शाळा नाही. लग्न झालं. लिहायला बायकोनं शिकवलं. इथं चंपाबाईनं नवऱ्याच्या पाठीत हळूच गुद्दा घातला. शिंपी राज्याचा गव्हर्नर झाला. शेजारच्या राज्याचा गव्हर्नर आधीचा लोहार. शिंप्यानं त्याला स्वतःच्या हातानं सूट शिवून पाठवला. लोहारानं उलट आहेर म्हणून फावडं आणि चिमटा घडवून पाठवला.

“घड्याळ न्हाय दिलं?” सुबराव गरजला. मागांचा आवाज फोडून तो शब्द सगळ्यांना ऐकू गेला. हसून हसून एकाचा धागा तुटला.

पुढं तो राष्ट्राध्यक्ष झाला. लोकांनी खाली ओढायला बघितलं. एका मतानं वाचला. म्हातारा झाला. मेला. मनुबाईचे हात इथं सावकाश झाले. त्याला देशाच्या झेंड्यात गुंडाळलं आणि उशाला देशाची राज्यघटना ठेवली. डोंगरावर पुरलं.

सुबराव तिच्या हातांकडं बघत राहिला. मग यावेळी तोंड न उघडता त्यानं स्वतःच हात उचलले. कापडाचा माणूस, कापडातनंच गेला. चांगलं झालं. मग उशीवर थाप मारली आणि पुस्तक उघडल्यासारखे तळवे केले. माझ्या उशाला तेच ठेवा.

“त्ये सदलग्याला हाय,” मनुबाईनं सांगितलं. “जाड्या टबात हाय अजून.”

पण पुस्तक आलं. दिवाळी सरल्यावर, सुबराव गेल्याचा सांगावा पोचला तशी मालुबाई पहिल्या गाडीनं आली, पदराखाली पुस्तक धरून. टबातला कधीच बाहेर निघाला होता. शिंपीही वाचून झाला होता. सुबरावला दारात निजवलं होतं. अंगावर पांढरं कापड होतं. मनुबाईनं त्याचं डोकं हलकेच उचललं आणि पुस्तक उशाला सरकवलं. केळं खाणारा माणूस वरच्या बाजूला आला. एक-दोघे हसले आणि त्यांनी डोळे पुसले.

माग बंद होते, आणि लाइट होती.

उचलायची वेळ झाली तेव्हा मनुबाईनं पुढं होऊन पुस्तक काढून घेतलं.

“ठेव की गं, त्याची इच्छा हुती,” चंपाबाई म्हणाली.

“ठेवलं की एवढा वेळ. आता वडगावच्या मागांवरची माणसं ऐकायला वाट बघायल्यात.” मनुबाईनं मोरपीस पहिल्या पानात घातलं आणि पुस्तक पिशवीत टाकलं. मग सुईत दोरा ओवायची खूण त्याला शेवटची करून दाखवली आणि बाजूला झाली.

दिपालीचं लग्न झालं त्याच वर्षी, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी, सुबराव आपल्या कारखान्याच्या दारात वारला.