निळ्या झग्याची शिवण

मास्तरांनी शिवलेला कोट उलटा करून पाहिला तर आत अजून अर्धा कोट सापडतो, अशी गिऱ्हाइकं थट्टा करत. थट्टा अगदीच खोटी नव्हती. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात, आणि मास्तर ती इतरांच्या दुप्पट सोडत. माया कापायची नाही, हा त्यांच्या दुकानाचा कायदा होता. कुणी म्हणालं, ‘मास्तर, शिवण जरा पातळ करा की,’ तर मास्तर गळ्यातला टेप काढून ठेवत आणि प्रवचनाला सुरुवात करत.

‘आज घेतलं ते आजचं माप. उद्या तुम्ही अंगानं सुटलात, तर माझ्याच नावानं बोटं मोडाल ना? माणसाचा देह देवाच्या हातात आहे. आपण कोण कापणारे?’

पलीकडच्या स्टुलावर काज-बटणं करत बसलेली त्यांची बायको मान वर न करता म्हणे, ‘झालं. आता या बिचाऱ्यांची जेवणाच्या वेळेपर्यंत सुटका नाही.’

तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला लागून कापायचं लांब टेबल, टेबलाखाली चिंध्यांची पिशवी, आणि बाईंच्या पायाशी बटणांचा पत्र्याचा डबा. दोघांचं भांडण व्हायचं ते याच खोलीत आणि मिटायचं तेही इथेच, कारण रुसून जायला दुसरीकडे जागाच नव्हती. मूलबाळ नव्हतं. दर रविवारी दोघं चर्चला जात. तिथे मास्तर लांबलचक प्रार्थनेसाठी प्रसिद्ध होते. ते उभे राहिले की पोरंटोरं सुस्कारे सोडत, आणि पाळकसाहेब स्वतःसुद्धा हळूच मागे टेकून बसत.

मग मास्तरीणबाईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर दर थोड्या दिवसांनी इस्पितळातल्या खुर्चीत बसून शिरेतून औषध चढवून घेणं सुरू झालं. मुळात बाई चांगल्या भरल्या अंगाच्या. बघता बघता अर्ध्या झाल्या. केस गेले, अन्नावरची वासना उडाली. जिभेची धार तेवढी शाबूत राहिली.

‘अहो,’ एका शनिवारी त्या म्हणाल्या, ‘माझा निळा झगा जरा आत घेऊन द्या. उद्या चर्चला जायचंय, आणि त्यात मी दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसते.’

निळा झगा त्यांचा रविवारचा. कापड मास्तरांनीच हौसेनं निवडलेलं. मास्तरांनी माप घेतलं, आकडा पाहिला आणि टेप पुन्हा एकदा लावून पाहिला.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ‘औषध लागू पडतंय का, ते पुढच्या तपासणीत कळेल. आत्ता काहीच सांगता येत नाही.’ मास्तरांनी त्यातलं ‘काहीच सांगता येत नाही’ एवढंच नेमकं उचललं, घरी आणलं आणि मनात घोळवत बसले.

बाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. मास्तरांनी झग्याच्या दोन्ही बाजू उसवल्या, खडूच्या नव्या खुणांवरून मशीन मारली. आतल्या बाजूला चांगलं चार-चार बोटं कापड उरलं. एरवी त्यांनी ते दुमडून टाके घातले असते. या वेळी त्यांनी कात्री उचलली. एवढं जाड कापड तिच्या हाडांना टोचेल, असं त्यांनी मनाला समजावलं. कात्री चालली, निळ्या पट्ट्या खाली पडल्या, आणि त्यांनी त्या घाईघाईनं चिंध्यांच्या पिशवीत कोंबल्या. आपण काय केलं ते त्यांना कळत होतं. ही आता पुन्हा अंगानं भरायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी बाईंनी झगा चढवला. अंगाला अगदी नेमका बसला. सवयीनं त्यांचं बोट काखेखालच्या शिवणीवर आतून फिरलं आणि मध्येच थांबलं.

‘माया कुठाय?’

‘टोचली असती तुला,’ मास्तर बूट पुसत म्हणाले. बूट आधीच लख्ख होते.

‘साऱ्या गावाला टोचली नाही ती बरी मलाच टोचणार होती!’

मास्तर बूट पुसतच राहिले.

‘माझ्यासाठी रोज प्रार्थना करता ना?’

‘हे काय विचारणं झालं?’

‘प्रार्थनेत मी बरी होते आणि टेबलावर मी संपते. देवानं यातलं कुठलं खरं मानायचं?’

मास्तर मटकन तिच्याच स्टुलावर बसले. हातातला बूट तसाच राहिला. ‘मला भीती वाटते गं,’ ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. ‘गुडघे टेकतो, तोंडानं सगळं बरोबर म्हणतो, आणि आत नुसता धडधडत असतो. तुझ्याशिवाय मी या खोलीत कसा बसू?’

बाईंनी त्यांच्या हातातला बूट काढून घेतला. ‘मला काय भीती वाटत नाही? मी वाचेनच असं मी कुठे म्हणते? देवानं मला तसं काही कळवलेलं नाही. पण त्यानं जे अजून सांगितलंच नाही, ते आपण आधीच कापून का टाकायचं?’ त्या दमल्या, भिंतीला टेकल्या. ‘डोळे पुसा आता. उशीर झाला तर पहिल्या बाकावर बसावं लागेल, आणि तिथे तुम्हाला डुलक्या काढता येत नाहीत.’

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी नेमकं त्यांनाच उठवलं. ‘मास्तर, आज तुम्ही प्रार्थना करा.’ मंडळी सवयीनं सैलावून बसली. मास्तर उभे राहिले. नेहमीचे शब्द रांगेत तयार होते, पण एकही बाहेर येईना.

‘प्रभू, मला भीती वाटते,’ ते म्हणाले. ‘मी तुझा हात सोडला, तरी तू आमचा सोडू नकोस. आमेन.’

आणि खाली बसले. पोरं डोळे उघडून बघत राहिली. पाळकसाहेबांना मागे टेकायलाही सवड मिळाली नाही.

‘आजची नक्की पोचली असेल,’ घरी येताना बाई म्हणाल्या. ‘वाटेत दमायला वेळच नव्हता तिला.’

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मुळीच नाही. बाई आणखी वाळल्या. तोच झगा पुन्हा सैल झाला. औषध चढत असताना मास्तरांना आत सोडत नसत; ते बाहेर बाकावर बसून तीच छोटी प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत. कधी देवावर चिडत, इतकं की शेजारचा माणूस सरकून बसे. पण चिडायलाही ते त्याच्याकडेच जात होते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. घरी आल्यावर ते मशीनवर बसत, आणि कुणाचंही कापड असो, माया पूर्वीपेक्षाही जास्त सोडत.

तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘गाठीचा मागमूस नाही. पण अधूनमधून तपासत राहावं लागेल. पुढची तपासणी वसंतात करू.’ मास्तरांनी या वेळी पहिलं वाक्य डोक्यावर घेतलं आणि दुसरं खिशात घातलं.

बाईंना भूक लागायला लागली. आधी सूप, मग पाव, मग मास्तरांच्या ताटातला पाव. डोक्यावर मऊ करडे केस आले. आणि एका सकाळी आतल्या खोलीतून हाक आली, ‘अहो, मला श्वास घेता येत नाही!’

मास्तर धावत गेले, तर बाई निळ्या झग्यात अडकलेल्या. बटणं लागत नव्हती, शिवणी ताणल्या होत्या, आणि बाई हसून हसून लाल झाल्या होत्या. मास्तरही हसले, आणि मग एकदम त्यांचा चेहरा पडला. शिवण उसवून सोडायला आत काहीच नव्हतं.

ते तसेच उठून कापडाच्या दुकानांत गेले. सगळी पालथी घातली. तो निळा आता येत नाही, असं सगळीकडे ऐकून हात हलवत परत आले. ‘मीच कापली,’ ते टेबलाशी उभं राहून म्हणाले. ‘माझ्याच हातानं.’

बाईंनी बटणांचा डबा पुढे ओढला आणि बटणांच्या खालून निळ्या कापडाची एक गुंडाळी काढली. पट्ट्या त्याच होत्या, पण फिकटलेल्या, चुरगळलेल्या, कडांचे दोरे सुटलेले.

‘त्या रविवारी चर्चमधून आल्या आल्या चिंध्यांच्या पिशवीतून काढून घेतल्या,’ त्या म्हणाल्या. ‘औषध चढताना मुठीत धरून बसायचे. घामानं रंग गेला त्यांचा.’

मास्तरांनी पट्टी बोटांनी सरळ केली. बोटांच्या खुणा असाव्यात तशा तिला घड्या पडल्या होत्या. ‘तुझा विश्वास माझ्याहून मोठा,’ ते म्हणाले.

‘कसला मोठा! हातपाय गार पडायचे, म्हणून तर धरायला काहीतरी लागायचं. म्हणायचे, देवा, हे परत जोडायचंय, एवढं लक्षात असू दे. दर वेळी तेच. तोही कंटाळला असेल ऐकून.’

मास्तरांनी इस्त्री तापवली. दोन्ही बाजू उसवून त्यांनी पट्ट्या बसवल्या. गडद निळ्यात फिक्या निळ्या दोन रेघा काखेपासून खालपर्यंत उतरल्या.

‘उठून दिसतायत,’ ते चाचरत म्हणाले. ‘वरून लेस लावू का?’

‘दिसू देत.’

बाई पूर्वीइतक्या भरल्या नव्हत्या, त्यामुळे पट्ट्यांचं थोडं कापड आत उरलं. पुढची तपासणी वसंतात होती. तिच्यात काय निघेल, ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी उरलेलं सगळं कापड आत दुमडलं, हातानं टाके घातले आणि कात्री खुंटीला अडकवली.

बाईंनी झगा चढवला. बोट काखेखालच्या शिवणीवर आतून फिरलं. मास्तर चर्चला जायचे बूट हातात घेऊन उभे होते.

‘एवढीच?’ बाईंनी विचारलं.

‘होती तेवढी सगळी ठेवली.’

बाईंनी शिवण पुन्हा एकदा चाचपली. ‘मग चला,’ त्या म्हणाल्या, ‘आणि येताना जास्त पाव घेऊ.’