सात पिढ्यांत कुणी नाही

धाकट्या भावाने आपला रंधा, करवती, पटाश्या भररस्त्यात येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटून टाकल्या, तेव्हा ताई दुकानात सोफ्याला कापड चढवत होती. निरोप आला तशी सुई टाकून ती धावली. सुतारकाम म्हणजे पोराचा जीव की प्राण, आणि तो खदखदून हसत सांगत होता, "ताई, आता हात कशाला? नुसत्या विचाराने घरं बांधणार मी!"

हाच पोरगा मागे अंथरुणातून उठत नव्हता. आई त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, उदासीवरच्या गोळ्या सुरू झाल्या. आणि आता हे!

इस्पितळात बाईंनी पुन्हा विचारलं, "नात्यात कुणाला असा त्रास?"

"आमच्या सात पिढ्यांत कुणी नाही," आई म्हणाली.

पण बाहेर बाकावर बसल्यावर, आतून त्याचं गाणं ऐकू आलं तशी ती पुटपुटली, "अगदी तुझ्या मावशीचं वळण गं."

"मावशीचं? ती तर तापानं गेली ना?"

आईने मान खाली घातली. "ताप नव्हता. कधी रात्रंदिवस बडबडायची, कधी भिंतीकडे तोंड करून पडायची. शेवटी तिने स्वतःच..."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि बाईंना काय सांगितलंस?"

"तुझं लग्न व्हायचंय. लोक म्हणतील, घराण्यातच वेड आहे."

"लोक आलेत का त्याला धरायला?" आईचा दंड धरून तिने तिला पुन्हा आत नेलं. "सांग. सगळं सांग."

ऐकून बाई गंभीर झाल्या. "हे आधी कळतं तर नुसत्या उदासीच्या गोळ्या देताना मी दहादा विचार केला असता. अशा घराण्यातला माणूस त्या गोळ्यांनी कधीकधी दुसऱ्या टोकाला जातो."

"मग रक्त तपासून का नाही ओळखलंत?" ताई त्यांच्यावरही उसळली.

"रक्तातल्या खुणांचा शोध चालू आहे, पण भरवशाची तपासणी अजून नाही. तोवर घरचे सांगतील त्यावरच भिस्त."

"म्हणून एकट्या आईला विचारून मोकळ्या झालात? मला का नाही बोलावलंत?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बोलवायला हवं होतं."

"मलाही होईल हे?"

"इतरांपेक्षा शक्यता जास्त. होईलच असं मुळीच नाही. अशा रुग्णांच्या भावंडांचा अभ्यास चालू आहे इथे. रक्त द्याल?"

"नको गं," आई कळवळली. "घराण्याला बट्टा लागेल."

"लागू दे!" ताईने बाही वर सारली.

गोळ्या बदलल्या, धाकटा हळूहळू निवळून घरी आला. एका संध्याकाळी त्यानेच विचारलं, "मावशी कशी होती गं आई?"

आई उठून स्वयंपाकघराकडे निघाली. ताई दारात आडवी उभी राहिली. "बस. त्याला सांग."

आई सांगू लागली; सांगता सांगता हुंदके देऊ लागली. ताईने तिला पाणी दिलं. जवळ मात्र घेतलं नाही.