प्रयोगशाळेतल्या तराजूची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. मासळीबाजारातला नव्हे, मालवण किनाऱ्यावरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतला. चिमूटभर मिठातला कणभर फरकही मी दाखवत असे, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

१९५८ साली कॉलेज उघडलं, तेव्हापासून फॉस्टिन माझी निगा राखी. हा म्हातारा साहाय्यक रविवारीसुद्धा चर्चमधून थेट माझ्याकडे येई. इथली हवा खारी, दमट. म्हणून माझ्या काचेच्या पेटीत पांढऱ्या पुडीची वाटी असे. पूड ओल शोषून घेई आणि तिचंच पाणी होई. मग फॉस्टिन नवी पूड भरी. पेटीला कुलूप होतं. किल्ली तो कुणाला देत नसे.

पुढे फॉस्टिनच्या हाताखाली नवा साहाय्यक म्हणून गुरुदास आला. विशीतला, मॅट्रिक झालेला. पाच वाजले की हा चपला घाली. फॉस्टिनचं डोकं फिरे.

"ही पोरां घड्याळाची चाकरी करतत!"

"आणि तुमी चावी कमरेक बांधून बसलास! माका शिकवा मगे."

"तुका जमूचा नाय."

मला गुरुदास डोळ्यांसमोर नको असे. फॉस्टिन त्याला झिडकारी तेव्हा मला बरं वाटे.

१९६६ साली फॉस्टिन निवृत्त झाला. किल्ली टेबलावर आपटून, एक शब्द न सांगता गेला. गुरुदासला वाटीत पाणी दिसलं. काहीतरी सांडलंय असं समजून त्याने ते ओतलं आणि वाटी लख्ख घासून रिकामीच ठेवली. दोन पावसाळ्यांत मी गंजलो.

मग विद्यापीठाची परीक्षा आली. तारकर्लीच्या सुभद्राला चिठ्ठीत माझ्यावरचा प्रयोग निघाला. नापास झालीस तर शिक्षण बंद, लग्न, असं वडिलांनी तिला बजावलं होतं. तिने तीनदा वजन केलं. मी तीनदा वेगळं सांगितलं. परीक्षकांनी शून्य दिलं.

बातमी कळताच फॉस्टिन तरातरा आला.

"ह्येनाच वाट लावली!"

"तुमीच सांगूक नाय!"

दोघे एकमेकांच्या अंगावर धावून गेले. मधे उभ्या सुभद्राने विचारलं, "माका परत वजन करूक मिळात काय?"

कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. जूनमध्ये ती कॉलेजात आली नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी मुळीच म्हणणार नाही. ज्याला येतं त्याने शिकवावं, नवख्याने अडून न बसता विचारावं. मला वाचा असती, तर त्या दिवशी मी ओरडून सांगितलं असतं, पोरी, तू वजन बरोबर केलंस, चुकलो मी.