शेवंतीचं गाठोडं

शेवंती आली तीच छातीशी गाठोडं धरून. गिरणीतलं काम सुटल्यापासून लवू घाटकोपरच्या एका कारखान्यात पहारेकरी होता. टेकडीवरच्या दहा बाय दहाच्या खोलीत तो आणि जानकी. त्यात ही धाकट्या भावाची, धाकूची बायको, ना पत्र ना निरोप.

"म्हयनोभर ऱ्हवान, भावजी. भांडीधुणी मिळतीत काय बगतंय," ती म्हणाली.

लवूला काही पटेना. यंदा गावाहून भाताची गोणी आली नव्हती. 'पाऊस मधेच गेला, भात पोचट झालं,' असं धाकूनं कळवलं होतं. आणि आता बायकोला मुंबईला धाडतो? जमिनीच्या कागदावर सही हवी असेल. की परस्पर विकलीच?

शेवंती गाठोडं उशाला घेऊन झोपायची. कामाला जाताना फळीवर ठेवायची, आल्या आल्या आधी चाचपायची.

"सासूबाईंच्या पाटल्या असणार त्यात," जानकी कुजबुजली. "बघा ना उघडून."

धाकट्या भावजयीच्या वस्तूला हात लावणं लवूला जड गेलं. पण रविवारी ती नळावर गेली, तशी त्यानं गाठ सोडलीच. जुन्या लुगड्याच्या तीन घड्या. आत भात. टपोरं, निवडलेलं.

त्याचं डोकंच फिरलं. शेवंती हंडा घेऊन दारात येते तोच तो ओरडला, "पोचट काय? मग ह्या काय आसा? मोठ्या भावाक फसवतास?"

शेवंतीनं हंडा खाली ठेवला. आधी सांडलेले दाणे वेचले.

"बियाणा ता, भावजी. घरातला भात शिमग्याक सपला. पोरां रडतत. एक दिवस माझोच हात ह्येच्यात गेलो, मूठभर काडून पेज केलंय. तेव्हा हे म्हणाले, हयसून घेवन जा, नायतर पेरूक काय ऱ्हवाचा नाय. मिरगाक परत न्हेतलंय."

"आणि पोरांक?"

"रानातली कणगां खणून उकडतत. हे आसत ना."

जानकीनं तोंड फिरवलं. मग लवूनं खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली, आतले कपडे बाहेर टाकले.

"फळयेर उंदीर चढतत," तो म्हणाला. गाठोडं पेटीत ठेवून त्यानं कुलूप लावलं आणि किल्ली शेवंतीपुढे जमिनीवर ठेवली.

तिनं ती उचलली, पदराला बांधली. गाठ मात्र दोनदा ओढून बघितली.