मुलीच्या आवाजातला फोन

आमचं कुलपांचं दुकान. पुढे काउंटर, मागे किल्ल्या कापायचं मशीन आणि त्या मशीनवर माझे दीर. आमच्याकडून कुलूप नेणाऱ्या प्रत्येकाच्या किल्लीचा नंबर आमच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. किल्ली हरवली की माणूस येतो, ओळख पटवतो, आम्ही नवी कापून देतो. ते नंबर चोराच्या हाती लागले तर निम्म्या गावाची दारं सताड उघडी. म्हणून पासवर्ड दोघांनाच ठाऊक, मला आणि भाऊजींना.

मध्यंतरी कॉम्प्युटरवाला येऊन आमची शिकवणी घेऊन गेला. म्हणाला, "काकू, हल्ली चोर आवाजसुद्धा बनवतात. कुणाचं थोडं बोलणं हाती लागलं की एआय हुबेहूब त्याच्या आवाजात फोन करतं. पासवर्ड मागणारा कुणी का असेना, फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरावर आपण परत लावायचा."

"माझा आवाज कोण चोरणार?" भाऊजी म्हणाले. "बायकोला फुकट दिला तरी नको असतो."

आम्ही हसलो. लेकीचा विचार माझ्या मनातही आला नाही. खरं तर यायला हवा होता. कुलपात तेल कसं घालायचं, जाम झालेली किल्ली कशी काढायची, असे तिचे छोटे व्हिडिओ अजून दुकानाच्या वेबसाइटवर आहेत. गिऱ्हाइकं बघतात की नाही देव जाणे. मी रोज बघते.

काल दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"आई, मी बोलतेय. नंबर बदललाय माझा. ऐक, दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी शिरतंय, मला इथून दिसतंय. नवा पासवर्ड सांग, मी लगेच बंद करते सगळं."

आवाज तिचाच. बोलताना मध्येच श्वास घ्यायची खोडसुद्धा तिचीच. भाऊजींनी मशीन थांबवलं आणि फोन ठेवा म्हणून हातानं खुणावलं. मी त्यांच्याकडे पाठ केली. नियम मला तोंडपाठ होता. पण फोन ठेवला की आवाज जाणार, आणि मला तो हवा होता.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"हो, आई. तू वेळेवर जेवतेस ना? काळजी वाटते गं तुझी."

डोकं सांगत होतं, बाई, इतका गोडवा आपल्या घराण्यात नाही. पण मन कुठे डोक्याचं ऐकतं? पासवर्डची पहिली तीन अक्षरं मी सांगून बसले. मागे भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला.

"पुढे सांग ना, आई."

"आधी सांग, घरी कधी येतेस?"

"या रविवारीच येते."

तिथे माझी जीभ अडकली. ती माझ्याशी भांडून घर सोडून गेल्यापासून दर फोनला मी हेच विचारते आणि दर फोनला ती एकच शब्द म्हणते, "बघू." माझी लेक तोंडानं तिखट आहे, पण मला खोट्या आशेवर ती कधी ठेवत नाही.

मी फोन ठेवला. शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या, पण त्या द्यायच्या कुणाला?

"वहिनी, आता नियमाप्रमाणे तिला लावा," भाऊजी हळूच म्हणाले. "तिचा आवाज चोरीला गेलाय, तिला कळायला हवं."

लावला.

"कामात आहे. काय झालं?" ती म्हणाली. ही मात्र खरी. मी सगळं सांगितलं, तीन अक्षरांसकट.

"ती मी नाही हे तुला कळलं कसं मग?"

"तू रविवारी येते म्हणालीस."

मी फोन कानाशी गच्च धरून उभी राहिले. मागे भाऊजींनीही मशीन सुरू केलं नाही.

"आई," शेवटी ती म्हणाली, "तो पासवर्ड आधी बदल."

"बदलते," मी म्हणाले.