लवूबुवांची वाचा

भाट्याच्या खाडीपलीकडच्या वाडीत लवूबुवांनी तीस वर्षं पोरांना नमन, म्हणजे शिमग्यातला गाण्या-नाचाचा खेळ, शिकवलं. दर शनिवारी देवळात मृदंग, टाळ, गण, गवळण चाले. शाळेत मान खाली घालून बसणारी पोरंही तिथे मोकळ्या गळ्याने गायची. यंदा माघात बुवांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय सावरले, पण वाचा गेली. समोरच्याचं सगळं कळे, तोंडातून मात्र नुसतं "ते... ते..." निघे.

भात हवा असताना बायकोने, आनंदीबाईंनी, पेज आणली की ताट भिरकावायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून रडायचे. शिमगा पंधरा दिवसांवर आला.

"पोरांना सांगू काय, यंदा नमन नाय म्हणून?" आनंदीबाईंनी विचारलं.

बुवांनी होकारार्थी मान हलवली. नमन बंद पडलं तर पोरांना आपलं म्हणायला काय उरणार, या विचाराने त्यांचा जीव तुटत होता. पण इलाज नव्हता.

निरोप गेला, तरी शनिवारी पोरं बुवांच्या अंगणात आली. बुवांना लाज वाटली. काठी आपटून त्यांनी 'जा, जा' अशी खूण केली. पोरं मागे सरली. अक्षया तेवढी उभी राहिली. नववीतली ही पोर पहिल्यांदा आली तेव्हा स्वतःचं नावही अडखळत सांगायची. गाताना तिची जीभ अडत नाही, हे बुवांनीच ओळखलं होतं.

"बु... बुवा, माजं अजून अ... अडतंच. बोलू नका. माज्यासंगं म्हणा."

तिने बुवांनी बांधलेला गण धरला. पोरांतल्या ओमकारने मृदंगावर थाप दिली. बुवा ओठ मिटून बसले. दुसऱ्या खेपेला नुसती घरघर आली. तिसऱ्या खेपेला मात्र "ये गणराया" हे शब्द सबंध, स्वच्छ बाहेर पडले.

आनंदीबाई चूल सोडून धावत आल्या. "मला हाक मारा बघू!"

"ते... ते..." बुवांचे डोळे भरले.

"असू दे," अक्षया म्हणाली. "परत पहिल्यापासनं."

त्या दिवशी गण अकरा वेळा झाला. शिमग्यात नमन उभं राहिलं. बुवांना दोन ओळी जमल्या. तिसरीला शब्द हरवले, तेव्हा ती पोरांनी उचलली आणि पुढे नेली.

बोलणं काही परत आलं नाही. डॉक्टर म्हणतात, येईलच असं सांगता येत नाही. शनिवारी मात्र पोरं आता गायला घरीच येतात, आणि बुवा त्यांच्या आधी ओटीवर येऊन बसतात.